बांधावरचा आकडा कुणाचा? सहावी ते आठवीला असमानता आणि संभाव्यता शिकवण्याचा क्रम

सातवीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिलं: 'पास व्हायला किमान ३५ गुण हवेत.' हे चिन्हात लिहा म्हटलं, तर अर्ध्याहून जास्त वह्यांत आलं, गुण ≤ ३५. मी विचारलं, "म्हणजे ३६ पडले की नापास?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, पण किमान म्हंजे कमीच की ओ!"

पोराचं चुकलं ते गणित नव्हतं, वाक्य होतं. त्याच वर्गाला पुढं फासा दिला आणि 'किमान ४ पडण्याची संभाव्यता' विचारली, तर ५ आणि ६ मोजले, ४ सोडून दिला. चूक तीच, फक्त धडा बदलला. तेव्हापासून मी हे दोन्ही विषय एकाला एक जोडून शिकवते, आधी असमानता (म्हणजे ≥, ≤ अशा चिन्हांनी लिहिलेली तुलना) आणि मग संभाव्यता. केंद्राच्या शिक्षण परिषदेत गणिताचे शिक्षक भेटले की सगळ्यांची रड सारखीच असते: मुलांना चिन्ह येतं पण वाक्य येत नाही, सूत्र येतं पण यादी करता येत नाही. म्हणून खालचा क्रम सविस्तर लिहिला आहे. वाळवा तालुक्यातल्या माझ्या वर्गात तो चालतो. तुमच्या गावात उदाहरणं बदला, पण क्रम बदलू नका.

तयारी: साहित्य आणि आधीची चाचपणी

कपडे वाळत घालायची सुती दोरी, दहा मीटर. −१० ते १० आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे आणि ते अडकवायला चिमटे. रुपयाची नाणी, दोन मुलांत एक. लुडोचे फासे, पण दोन वेगळ्या रंगांचे (कारण पुढे येईल). मधोमध फोडलेले वीस-तीस चिंचोके, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. किलोभर भुईमुगाच्या शेंगा. आणि एक बारदान. हे विसरू नका, कारण फरशीवर तीस नाणी एकदम खणखणली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहतात. शिवाय नाणी बाकाखाली घरंगळतात आणि अर्धी तासिका ती शोधण्यात जाते.

वेळ धरा असमानतेला पाच तासिका, संभाव्यतेला सहा, आणि दोन्ही जोडायला दोन. संभाव्यता हे प्रकरण रीतसर दहावीच्या बीजगणितात येतं. इथे आपण त्याची पायवाट पाडतोय, तेव्हा 'नमुना अवकाश' (जे जे घडू शकतं त्या सगळ्याची यादी) वगैरे शब्दांची घाई नको.

सुरू करण्याआधी चार प्रश्न तोंडी विचारा: −७ आणि −३ यांत लहान कोण? २/३ आणि ३/४ यांत मोठा कोण? २.५ कोणत्या दोन पूर्णांकांच्या मध्ये येतो? ०.५ आणि १/२ यांत फरक काय?

पहिल्याच प्रश्नाला वर्ग अडला तर पुढे जाऊ नका. विहीर काढा. जमीन म्हणजे शून्य, पाणी ३ मीटर खाली म्हणजे −३, उन्हाळ्यात ७ मीटर खाली गेलं म्हणजे −७. पाणी वर कधी होतं? हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, तो न चुकता सांगतो. वर ते मोठं, खाली ते लहान. एक तासिका यात गेली तरी ती वाया जात नाही, कारण चौथा टप्पा सगळा यावरच उभा आहे.

टप्पा १: वाक्य ऐका, चिन्ह नंतर

दोन पूर्ण तासिका इथे घालवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी वेळ आपण इथे देतो.

पहिल्या तासिकेत फळ्यावर एकही चिन्ह काढायचं नाही. फक्त वाक्यं द्यायची आणि एकच प्रश्न विचारायचा: 'बांधावरचा आकडा आत की बाहेर?' बांधाचं भांडण काय असतं हे मुलांना घरातूनच ठाऊक असतं, त्यामुळे वेगळं समजावावं लागत नाही.

'किमान ३५ गुण.' ३५ वाला पास की नापास? पास. बांध आतला.

'मतदानासाठी १८ वर्षं पूर्ण हवीत.' आजच १८ पूर्ण झालेला? आत.

'लिफ्टमध्ये जास्तीत जास्त ६ माणसं.' सहावा? आत. सातवा जिन्याने.

'पाण्याने ४० फूट ओलांडले.' बरोबर ४० असेल तर? ओलांडलेलं नाही. बांध बाहेरचा.

'एसटीत ५ ते १२ वयाला अर्धं तिकीट.' इथे मुद्दाम थांबा. बरोबर १२ चा मुलगा कुठे? वाक्य सांगत नाही. 'बारा पूर्ण व्हायच्या आत' आणि 'बाराव्या वर्षापर्यंत' यांत किती फरक पडतो यावर मुलांना भांडू द्या. स्टँडवर कंडक्टरशी आई कशी भांडते याची नक्कल कुणीतरी करून दाखवतंच. 'ते', 'आत', 'पर्यंत' हे शब्द बोलण्यात सैल असतात आणि गणितात ते आवळून घ्यावे लागतात, हे मुलांना त्या भांडणातूनच कळतं.

दुसऱ्या तासिकेला चिन्हं आणा. मुलं शब्दांची जोडी स्वतः लावतील:

किमान, कमीत कमी, निदान, पूर्ण झालेले: ≥
कमाल, जास्तीत जास्त, पर्यंत: ≤
पेक्षा जास्त, ओलांडले, वर गेले: >
पेक्षा कमी, खाली, पोहोचले नाही: <

यांतली पहिली ओळ सगळ्यात घातक. 'किमान' आणि 'कमीत कमी' या दोन्हींत 'कमी' कानावर पडतं आणि हात ≤ कडे वळतो. उपाय एकच: चिन्ह लिहायच्या आधी चालणारा एक आकडा आणि न चालणारा एक आकडा लिहायला लावा. किमान ३५: चालतो ६०, चालत नाही २०. मग चिन्ह. महिनाभर ही सक्ती ठेवा, कंटाळा केला तरी.

सावधान, वाचनाची चूक: क्ष > ५ हे मुलं डावीकडून उजवीकडे वाचतात: "क्षपेक्षा मोठा पाच." अर्थ उलटा झाला. दोष मराठीच्या ठेवणीचा आहे. 'पेक्षा' हा शब्द दुसऱ्या आकड्याला चिकटतो आणि 'मोठा' शेवटी येतो, पण चिन्ह मात्र मध्ये बसलेलं असतं. म्हणून वाचायचा क्रम शिकवा: आधी डावा, मग उजवा 'पेक्षा' लावून, चिन्ह शेवटी. "क्ष... पाचपेक्षा... मोठा." बोट फळ्यावर तसंच फिरवा, डावा, उजवा, मधला. चार दिवसांत जिभेवर बसतं.

आणखी एक जोडी, जिच्यात आठवीची हुशार मुलंही पडतात: 'संख्या ३ पेक्षा कमी आहे' आणि 'संख्येपेक्षा ३ ने कमी'. पहिलं क्ष < ३, दुसरं क्ष − ३. एक विधान आहे, दुसरी नुसती राशी आहे. 'ने' दिसला की वजाबाकी, 'ने' नसेल तर तुलना. ही खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

मगरीच्या तोंडाची युक्ती ('मगर मोठ्याला खाते') बरेच जण वापरतात. भिलवडी-औदुंबरकडच्या मुलांनी कृष्णेत खरी मगर पाहिलेली असते, त्यामुळे त्यांना ती आवडते. पहिली-दुसरीला ठीक आहे. पण −७ आणि −३ दिले की मगर −७ खाते, कारण ७ जाडजूड दिसतो. आणि क्ष ला खायचं की नाही हे मगरीला कळतच नाही. सहावीपासून पुढे तिला नदीतच राहू द्या.

टप्पा २: दोरीवर उभं करा

दोरी मैदानात किंवा व्हरांड्यात ताणा, आकडे चिमट्यांनी लावा. 'क्ष ≥ ४' म्हटलं की ज्यांना वाटतं आपला आकडा चालतो, त्यांनी हात वर करायचा. बांधावर, म्हणजे ४ वर उभा असलेला मुलगा काय करतो ते सगळ्यांनी बघायचं. तो आत असेल तर मूठ आवळतो, बाहेर असेल तर बोटांचं कडं करतो. वर्गात परतल्यावर हीच मूठ संख्यारेषेवरचा भरीव गोल होते आणि कडं पोकळ गोल होतं. वेगळं पाठांतर नको.

इथे लगेच विचारा: ४ आणि ५ च्या मधली जागा मोकळी का? तिथे कुणी उभं राहू शकतं का? हा प्रश्न न विचारल्यामुळे मुलं क्ष > ४ चं उत्तर '५, ६, ७...' असं लिहितात आणि ४.१ ला वाळीत टाकतात. कुठे मधले आकडे चालतात आणि कुठे नाही, हे गोष्टीवर अवलंबून आहे. वर्गातली मुलं साडेचार नसतात. पाण्याची पातळी साडेचार असते.

पाण्याचं उदाहरण आमच्याकडे शोधावं लागत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात घरोघरी मोबाईलवर हेच आकडे फिरतात. 'इशारा पातळी गाठली आहे, पण धोका पातळीला अजून पोहोचलेलं नाही' हे वाक्य द्या आणि वाट बघा. उत्तर हवं ४० ≤ प < ४५. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला कडं. साताऱ्याकडच्या शाळांनी कोयना धरण घ्यावं: क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणून साठा ० ≤ क ≤ १०५.२५. दोन्ही टोकांना मूठ, आणि १०५.२५ हा पूर्णांक नाही ही आयतीच शिकवण.

तपासा: ४५ > प ≥ ४० असं उलटं लिहून दाखवा आणि हे बरोबर की चूक विचारा. 'बरोबर, तेच आहे' असं निम्म्यांनी तरी म्हटलं तर पुढे जा.

टप्पा ३: सोडवणं

हा टप्पा लवकर उरकतो. समीकरण सोडवता येणाऱ्या मुलाला क्ष + ५ < १२ अडत नाही. तागडी दाखवा, फक्त ती एका बाजूला झुकलेली. दोन्ही पारड्यांतून सारखं काढलं तर झुकाव तसाच राहतो.

थांबायचं ते शेवटच्या पायरीवर. शाळेच्या आनंदबाजारात आमच्या मुलींनी भेळेचा स्टॉल लावला होता. समजा सामानाला ४५० रुपये गेले आणि प्लेट २० रुपयांना. नफा व्हायला किती प्लेट खपायला हव्यात? २०क्ष > ४५०, म्हणून क्ष > २२.५. उत्तर काय लिहायचं? काही जण २२.५ लिहितात (अर्धी प्लेट!), काही २२. बरोबर उत्तर निदान २३. आता तेच आकडे उलट फिरवा: हातात ४५० रुपये आहेत, प्लेट २० ला, जास्तीत जास्त किती घेता येतील? क्ष ≤ २२.५, उत्तर २२. तोच २२.५, पण एकदा वर जायचं, एकदा खाली. 'पाच किंवा जास्त असेल तर पुढचा आकडा' हा पाठ केलेला नियम इथे चालत नाही. हे दोन प्रश्न शेजारी-शेजारीच द्या, वेगवेगळ्या दिवशी देऊ नका.

टप्पा ४: ऋण संख्येने गुणताना

नियम सांगू नका. निदान पहिल्या दिवशी तरी नको. परत दोरीकडे जा. २ वर एक मुलगी, ५ वर एक मुलगी. कोण मोठी? ५ वाली. आता दोघींनी शून्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जायचं. −२ आणि −५. आता मोठी कोण? विहीर आठवा. जी मोठी होती तीच लहान झाली. २ < ५, पण −२ > −५. मग −३, −४ ने गुणून मुलांनी स्वतः पाहावं. नियम त्यांच्या तोंडून आला की फळ्यावर लिहा.

नियम आल्यावर नवी चूक जन्माला येते: ऋण चिन्ह कुठेही दिसलं की मुलं असमानता उलटवतात. २क्ष < −६ मध्ये भागायचं आहे धन २ ने, तरी क्ष > −३ लिहितात. 'ज्याने भागताय तो कोण?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायची सवय लावा. ज्यांचा गोंधळ जातच नाही त्यांना पळवाट शिकवा: −२क्ष < ६ असेल तर दोन्ही बाजूंना २क्ष मिळवा, ० < ६ + २क्ष, मग −६ < २क्ष, −३ < क्ष. ऋणाने भागायची वेळच येत नाही. परीक्षेत याला एक ओळ जास्त लागते, पण चूक होत नाही.

पडताळा तीन आकड्यांचा: एक आतला, एक बाहेरचा, एक बांधावरचा. क्ष > −३ साठी ० टाकून बघा: −२ × ० = ०, ० < ६ खरं. −५ टाका: १० < ६ खोटं. −३ टाका: ६ < ६ खोटं, म्हणजे बांध बाहेरचा, कडं बरोबर. हे तीन आकडे लिहिल्याशिवाय मी गुण देत नाही, आणि मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं.

टप्पा ५: तीच दोरी, ० ते १

आकडे काढून टाका. एका टोकाला ०, दुसऱ्याला १, मध्ये १/२. आता चिठ्ठ्या वाटा आणि प्रत्येकाने आपली चिठ्ठी योग्य जागी अडकवायची. 'रविवारनंतर सोमवार येईल.' 'जुलै महिन्यात महाबळेश्वरला एक दिवस तरी पाऊस पडेल.' 'फाशावर ७ पडेल.' 'नाण्यावर छापा पडेल.' 'आजच्या एसटीत खिडकीची जागा मिळेल.'

पावसाच्या चिठ्ठीवर वाद होतोच, १ वर की १ च्या जरा अलीकडे. होऊ द्या. सोमवार १ वर, पाऊस अगदी जवळ पण १ नाही, हा फरक मुलांना कळणं म्हणजे निम्मी संभाव्यता कळणं. मग विचारा, या दोरीबाहेर, १ च्या पलीकडे, काही अडकवता येईल का? खात्रीपेक्षा जास्त खात्री असते का? नाही. मग आधीच्या धड्याच्या भाषेत लिहा: ० ≤ संभाव्यता ≤ १. दोन्ही टोकांना मूठ. पुढे कुणाचं उत्तर ७/५ आलं तर 'दोरीवर अडकवून दाखव' एवढंच म्हणायचं.

सावधान: "मॅडम, खिडकी मिळेल नाहीतर नाही मिळणार, म्हणजे अर्धं-अर्धं." हे वाक्य दर वर्षी, दर वर्गात येतं. त्यावर व्याख्यान देऊ नका. "उद्या शाळेच्या छपरावर हत्ती चढेल नाहीतर नाही चढणार, ते पण अर्धं-अर्धं का?" असं विचारा आणि विषय तिथे सोडून द्या. खरा उलगडा सातव्या टप्प्यात चिंचोके करतात.

टप्पा ६: आधी फेका, मग बोला

फेकण्याच्या आदल्या दिवशी गृहपाठ द्या: नाणं न उडवता, मनानेच २० वेळा छापा-काटा लिहून आणा. दुसऱ्या दिवशी बारदानावर खरं नाणं प्रत्येकाने २० वेळा उडवायचं. छा आणि का एवढंच लिहायचं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. मनाच्या यादीत मुलं छापा-काटा आलटून-पालटून लिहितात, सलग चार छापे लिहायला हात धजत नाही. खऱ्या यादीत सलग चार किंवा जास्त एकसारखे येणं नेहमीचंच आहे. २० फेकींमध्ये चारातल्या तिघांना ते मिळावं असा हिशोब निघतो. 'तीनदा छापा आला, आता काटा येणारच' हा समज इथे पातळ होतो. जात नाही, पातळ होतो. घरी टीव्हीवर टॉस बघताना बाप काय म्हणतो ते मुलं ऐकत असतात.

आता मोजणी. एकेकट्याच्या २० फेकींत छापे बहुधा ६ ते १४ मध्ये पडतात. ३० मुलांचा वर्ग असेल तर एखादा त्याच्याही बाहेर गेलेला बहुतेक वेळा सापडतो. त्याला 'नीट उडव' म्हणून परत उडवायला लावू नका! ही शिक्षकांची सगळ्यात मोठी चूक. त्याची यादी तशीच ठेवा. मग सगळ्यांची बेरीज करा: ६०० फेकी. छापे बहुधा २७५ ते ३२५ मध्ये. २० मध्ये ६ म्हणजे शेकडा ३०, ६०० मध्ये २७५ म्हणजे शेकडा ४६ च्या आसपास. फेकी वाढल्या की प्रमाण अर्ध्याच्या जवळ सरकतं. हे फळ्यावर मुलांच्याच आकड्यांनी दिसायला हवं.

टप्पा ७: यादी, आणि यादीतल्या सगळ्यांची ताकद सारखी आहे का?

दोन नाणी एकदम उडवली तर काय-काय होऊ शकतं? वर्ग सांगतो तीन: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. म्हणजे प्रत्येकाची संभाव्यता १/३? एक जुनं नाणं आणि एक नवं नाणं घ्या, आणि जुन्याचं आधी लिहा: छाछा, छाका, काछा, काका. 'काका' ऐकून वर्ग पाच मिनिटं हसतो. हसू द्या, चौथी निष्पत्ती (घडू शकणाऱ्या गोष्टींपैकी एक) त्यामुळेच कायमची लक्षात राहते. एक-एक येणं दोन प्रकारे होतं, म्हणून २/४.

फासे दोन रंगांचे का ठेवायचे तेही इथेच कळतं. लाल २ आणि पांढरा ५ ही एक गोष्ट, लाल ५ आणि पांढरा २ ही दुसरी. एकाच रंगाचे फासे दिले तर मुलं त्यांना एकच धरतात आणि ३६ च्या जागी २१ मोजतात.

शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा बैलगाडी शर्यत लावा. व्हरांड्यात खडूने बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ घरं, बैलांना १ ते १२ नंबर. दोन फासे टाकायचे, बेरजेचा बैल एक घर पुढे. शर्यतीआधी प्रत्येकाने आपला बैल निवडायचा. पहिल्या खेपेला १२ ला मोठी मागणी असते आणि कुणीतरी हट्टाने १ घेतोच. आमच्याकडे एका पोराने सगळी शर्यत संपेपर्यंत १ नंबरला "हुर्रर्र" करून हाकललं. तो हलला नाही. 'अशक्य घटना' याची यापेक्षा चांगली व्याख्या मला देता आलेली नाही.

दुसऱ्या खेपेला सगळे ६, ७, ८ वर तुटून पडतात. तेव्हा खेळ थांबवा आणि ६ × ६ चा तक्ता काढा. ७ सहा प्रकारे, ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे, २ आणि १२ एकेकच. ७ नंबर हरला तर गडबडू नका, ५/३६ आणि ६/३६ मध्ये फरक फार नाही, आठ घरांच्या शर्यतीत ६ किंवा ८ सहज जिंकतो. आणि पैज चॉकलेटचीसुद्धा लावू देऊ नका.

आता चिंचोके. फोडलेला चिंचोका टाकला तर पांढरा नाहीतर तपकिरी. दोनच निष्पत्ती. अर्धं-अर्धं? ५० वेळा टाकून बघा. दोन बाजूंचा आकार वेगळा आहे, त्यामुळे निम्म्या-निम्म्या पडतील असं मानायला काही आधारच नाही. नंतर शेंगा: १०० शेंगा फोडायच्या आणि एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी मोजायच्या. तीन प्रकार आहेत म्हणून १/३ येत नाही, हे तोंडात दाणे असताना कळतं. इथे सूत्र नाही, मोजणीच करावी लागते.

टप्पा ८: सूत्र

सूत्र आता द्या: हव्या त्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. सोबत अट लिहा आणि तिला चौकट करा: निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सगळ्या घडण्याची शक्यता सारखी, असतील तरच. 'नाणं, फासा, चिंचोका, शेंग: कुठे सूत्र चालेल?' हा प्रश्न विचारा. चारही उत्तरं बरोबर आली की हा टप्पा संपला. याला अर्धी तासिका पुरते.

टप्पा ९: दोन्ही धडे एका फाशावर

एक फासा. चार वाक्यं. आधी निष्पत्तींची यादी, मग संभाव्यता:

४ पेक्षा मोठा: ५, ६. म्हणून २/६.
किमान ४: ४, ५, ६. म्हणून ३/६.
४ पेक्षा लहान: १, २, ३. म्हणून ३/६.
जास्तीत जास्त ४: १, २, ३, ४. म्हणून ४/६.

बांधावरचा ४ एकदा आत, एकदा बाहेर, आणि प्रत्येक वेळी उत्तर १/६ ने बदलतं. पहिल्या टप्प्यात जे सैल राहिलं असेल ते इथे उघडं पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याचं उत्तर सारखं येतं, पण याद्या वेगळ्या आहेत. नुसतं उत्तर बघून गुण देऊ नका, यादी बघा.

मग उलट प्रश्न: 'किमान ४' नाही, म्हणजे काय? बरेच जण 'जास्तीत जास्त ४' म्हणतात. ४ दोन्हीकडे कसा? बांध दोघांच्या सातबाऱ्यावर चढला! 'किमान ४' च्या उलट '४ पेक्षा कमी'. दोन्ही संभाव्यतांची बेरीज १ झाली पाहिजे: ३/६ + ३/६ = १. ३/६ + ४/६ केली तर १ च्या वर जाते, आणि दोरी तिथे संपलेली असते.

हे पक्कं झालं की दोन नाण्यांवर 'किमान एक छापा' द्या. लांबचा रस्ता: छाछा, छाका, काछा, तीन. जवळचा रस्ता: किमान एक नाही, म्हणजे एकही नाही, म्हणजे काका, १/४, मग १ − १/४ = ३/४. तीन नाणी दिली की यादी आठवर जाते आणि मुलं आपणहून जवळचा रस्ता धरतात, १ − १/८ = ७/८. पाच नाण्यांसाठी ३२ निष्पत्तींची यादी करायला बसलेलं एखादं पोर दिसलं तर त्याला अडवू नका. विसाव्या ओळीच्या आसपास ते मान वर करून विचारतं, "मॅडम, सगळे काका सोडून बाकी सगळं चालतं की ओ?"